औषधांचा मासिक भत्ता ठेवावा की सोडावा? (केंद्र सरकारचे पेन्शनर, कोकण)

खाडीकाठ (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. मी गुहागर तालुक्यातला. मुंबई कस्टममधून २०१३ साली निवृत्त झालो, गावचं घर शाकारून घेतलं आणि इथेच राहिलो. माझं वय ७२, सौ.चं ६८.

निवृत्त होताना माझा ग्रेड पे (पगाराची श्रेणी दाखवणारा आकडा) ४६०० होता. तेव्हाच्या दराने महिना ३२५ रुपये, म्हणजे दहा वर्षांचे ३९,००० एकदम भरले आणि सीजीएचएसचं, म्हणजे केंद्र सरकारच्या आरोग्य योजनेचं, आजन्म कार्ड काढलं. पण आमच्या गावाजवळ कुठे त्यांचं केंद्र, म्हणजे दवाखाना? म्हणून कार्ड फक्त अॅडमिट होण्यापुरतं ठेवलं आणि रोजच्या औषधपाण्यासाठी दरमहाचा मेडिकल अलाउन्स घेतला. तेव्हा तो ३०० रुपये होता. नोव्हेंबर २०१४ मध्ये ५०० झाला, जुलै २०१७ पासून १०००. त्यानंतर त्यात एक रुपयाही वाढलेला नाही. महागाई भत्ता पेन्शनवर मिळतो, या हजारावर मिळत नाही.

२०२२ मध्ये मला दोन स्टेंट बसवले. ते मुंबईत, कार्डावरच झालं, त्याबद्दल काही म्हणणं नाही. पण त्यानंतर माझ्या गोळ्या वाढल्या. सौ.ला शुगर आणि प्रेशर, दोन्ही आहे. ऑक्टोबरचं बिल माझं १,८५० आणि तिचं २,३००, मिळून ४,१५०. भत्ता मात्र दोघांत मिळून हजारच, कारण तो पेन्शनरला मिळतो, माणशी नाही.

परवा हयातीचा दाखला द्यायला बँकेत गेलो तेव्हा आमच्याच खात्यातले एक जण भेटले. ते म्हणाले, भत्ता सोडून दे आणि कार्डावर ओपीडी घे, सगळ्या गोळ्या फुकट मिळतील. पण माझ्या माहितीप्रमाणे हा पर्याय आयुष्यात एकदाच बदलता येतो. आज भत्ता सोडला आणि उद्या मुंबईला जाणं झेपेनासं झालं, तर परत भत्ता मागता येणार नाही. म्हणून घाई करवत नाही. कोणी असं केलं आहे का? खरं काय ते सांगा.

बावनदी

काका, मी केलं आहे. मी संगमेश्वरकडचा, मुलगा-सून मुंबईला. चार वर्षांपूर्वी भत्ता बंद केला आणि मुंबईच्या केंद्रात ओपीडीसाठी नाव लावलं.

चांगलं आधी सांगतो. जुन्या दुखण्यांची औषधं एका वेळी तीन महिन्यांची मिळतात. बायपासनंतरच्या माझ्या गोळ्या, थायरॉईड, सगळं तिथूनच येतं. आणि तुमचं वय ७० च्या वर आहे, म्हणजे तज्ज्ञ डॉक्टरकडे जायला केंद्राची चिठ्ठी लागत नाही, पॅनेलवरच्या (सीजीएचएसने मान्यता दिलेल्या) हॉस्पिटलात थेट जाता येतं. पूर्वी ही मर्यादा ७५ होती.

आता अडचणी. गावच्या खासगी डॉक्टरचा कागद तिथे चालत नाही. औषध केंद्रातल्या डॉक्टरने, सरकारी तज्ज्ञाने किंवा पॅनेलवरच्या तज्ज्ञाने लिहिलेलं हवं. कंपनी तीच मिळेल असं समजू नका. घटक तोच असतो, पाकीट वेगळं असतं. माझी बायको पहिल्या वेळी घाबरली होती, गोळीचा रंगच बदलला म्हणून. आणि केंद्रात साठा नसला की ते बाहेरच्या ठरलेल्या दुकानातून मागवतात, म्हणजे दुसऱ्या दिवशी पुन्हा फेरी. मुंबईत राहणाऱ्याला त्याचं काही वाटत नाही. पण तुतारी एक्स्प्रेसने येऊन तिनेच परत जायचं ठरवलेल्या माणसाचा सगळा बेत त्यात कोलमडतो.

आता मी दर वेळी जात नाही. माझं पत्र आणि कार्ड घेऊन सून जाते. आमच्या केंद्रात ते चालतं. तुमच्या केंद्रात आधी विचारून घ्या.

सायली_ठाणे

वाचतेय. माझ्या सासऱ्यांचा अगदी हाच प्रश्न आहे.

गुरुजी_दापोली

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त. आम्हा राज्याच्या लोकांचं पान वेगळं आहे. २०१४ पासून राज्याची निवृत्तांसाठी गट विमा योजना आहे, हप्ता स्वतः भरायचा. तीही अॅडमिट झाल्यावर उपयोगाची. रोज सकाळी पाण्याबरोबर घ्यायच्या गोळीसाठी माझ्या हातात वेगळं काही येत नाही. हे तक्रार म्हणून लिहीत नाही. धागा वाचणारे माझ्यासारखे पुष्कळ असतील, त्यांनी हजाराच्या भत्त्याची वाट बघत बसू नये, एवढ्यासाठी लिहितो.

मी काय करतो ते सांगतो. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरपासून सगळं मोफत आहे. प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, सगळीकडे. प्रेशरची आणि शुगरची साधी गोळी मी आरोग्य केंद्रातूनच घेतो. रांगेत बसायला सुरुवातीला संकोच वाटायचा, कारण समोर माझेच विद्यार्थी असत. आता वाटत नाही. आमच्या केंद्रातली नर्सबाई माझीच विद्यार्थिनी आहे, गोळी चुकली तर मला ओरडते. महिन्यातून एखादं औषध संपलेलं असतं, तेवढं बाहेरून आणतो.

खाडीकाठ, तुम्ही केंद्राचे असलात तरी त्या रांगेत तुम्हालाही बसता येतं. भत्ता घेता म्हणून सरकारी दवाखान्याचं दार बंद होत नाही.

मेडिकलवाला

चिपळुणात आमचं औषधांचं दुकान आहे, वडिलांपासूनचं. २२ जुलै २०२१ च्या पुरात गळ्यापर्यंत पाणी होतं दुकानात, सगळा माल गेला. त्या आठवड्यात इन्सुलिनसाठी माणसं कुठून कुठून चालत आली, ते विसरता येत नाही. तेव्हापासून नेहमीच्या गिऱ्हाइकांना सांगतो, पावसाळ्यात पंधरा दिवसांच्या गोळ्या जास्त ठेवा.

काका, बिल पाहिल्याशिवाय नक्की सांगता येणार नाही. पण ४,१५० ऐकून मला वाटतं की कार्डाचा निर्णय नंतर घ्या, आधी यादी घेऊन डॉक्टरांकडे जा. सांगतो का ते.

शुगरच्या नव्या गोळ्या पूर्वी फार महाग होत्या, कारण पेटंट होतं. सिटाग्लिप्टिनचं पेटंट जुलै २०२२ मध्ये संपलं, एम्पाग्लिफ्लोझिनचं मार्च २०२५ मध्ये. त्यानंतर पुष्कळ कंपन्यांनी तोच घटक आणला आणि भाव कोसळले. पण जुन्या कागदावर जुन्या कंपनीचं नाव असतं, आणि गिऱ्हाईक तेच पाकीट मागतं. मी स्वतःहून बदलून देऊ शकत नाही, देऊही नये. डॉक्टरांना तोंडाने विचारा, "याच घटकाची स्वस्त गोळी चालेल का?" बहुतेक डॉक्टर लगेच लिहून देतात.

दुसरं, तुमच्या स्टेंटला तीन वर्षं झाली. सुरुवातीला रक्त पातळ ठेवायच्या दोन गोळ्या देतात. पुढे त्यातली एक कमी करायची की नाही हे हृदयाचे डॉक्टर ठरवतात. तुमच्या दोन्ही चालू असतील तर दाखवून या. स्वतः बंद करू नका, एक दिवसही.

तिसरं, २२ सप्टेंबर २०२५ पासून बहुतेक औषधांवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्के झाला, आणि काही जीवनरक्षक औषधांवर शून्य. म्हणजे ज्या पट्टीला करासकट ११२ पडत होते तिला १०५. पाकिटावर जुनी किंमत छापलेली असली तरी बिल नव्या दराने व्हायला हवं. बिल मागून घ्या.

जनऔषधीचंही सांगतो, मी दुकानदार असलो तरी. तिथे पुष्कळ गोळ्या निम्म्याहून कमी भावात असतात. सगळ्या मिळत नाहीत, कधी साठा नसतो. फिट्सची गोळी, वॉरफरिन, थायरॉईड, यांची कंपनी सारखी सारखी बदलू नका आणि बदलली तर डॉक्टरांना सांगा. बाकी प्रेशर, कोलेस्टेरॉल, शुगर यांना हरकत नसते.

चाकरमानी_डोंबिवली

सगळे पैसे वाचवायच्या वाटा सांगतायत, पण मूळ मुद्दा राहतोय. हजार रुपये २०१७ चे आहेत. नियंत्रित किमतीच्या औषधांना घाऊक महागाईनुसार एप्रिल २०२२ मध्ये १०.७७ टक्के आणि एप्रिल २०२३ मध्ये १२.१२ टक्के वाढ दिली. दोन्ही मिळून २४ टक्क्यांच्या वर जातं. यादीबाहेरच्या औषधांना तर कंपन्या वर्षाला १० टक्क्यांपर्यंत वाढवू शकतात. आणि भत्ता तोच! पेन्शनरांच्या संघटना ३,००० मागत आहेत, ती मागणी अवास्तव नाही.

काका, मी असतो तर भत्ता सोडला नसता. आठवा वेतन आयोग बसला आहे, त्यात वाढेल. तेव्हा तुम्ही बाहेर असाल तर हळहळ होईल.

बावनदी

चाकरमानी, मागणी बरोबर आहे, मीही सही केली आहे. पण आयोगाच्या भरवशावर गोळ्या घेता येत नाहीत. न्या. रंजना देसाई यांच्या आयोगाची कार्यकक्षा २८ ऑक्टोबर २०२५ ला मंजूर झाली, अहवालाला अठरा महिने दिलेत. मग सरकार विचार करणार. आणि मागचा अनुभव आठवा. सातव्या आयोगाने हा भत्ता ५०० वरच ठेवा म्हटलं होतं. नंतर भत्त्यांसाठी वेगळी समिती बसली, तेव्हा १००० झाले. तेव्हाच सरकारने सांगितलं होतं की पाच लाखांहून अधिक पेन्शनरांना याचा लाभ होईल. पाच लाख घरं आहेत ही, आणि बरीचशी आपल्यासारखी शहरापासून लांबची.

सुरंगी

मालवणहून लिहितेय. बाबा केंद्र सरकारच्या नोकरीत होते, २०१९ ला गेले. आईला कौटुंबिक पेन्शन सुरू झाली, पण मेडिकल भत्ता आलाच नाही. आम्हाला वाटलं, तो बाबांबरोबर संपला असेल. चौदा महिन्यांनी एका काकांनी विचारलं म्हणून कळलं की कौटुंबिक पेन्शनरलाही तो मिळतो, फक्त नव्याने लिहून द्यावं लागतं आणि पीपीओवर (पेन्शन मंजुरीच्या आदेशावर) नोंद व्हावी लागते. बँकेत सहा खेपा घातल्या. शेवटी मागच्या थकबाकीसकट मिळाला. ज्यांच्या घरात असं झालं असेल त्यांनी आईचं पासबुक काढून आजच बघा.

पण मला लिहायचं आहे ते दुसरंच.

त्या चौदा महिन्यांत आईचं प्रेशर वर-खाली होत होतं. डॉक्टर गोळ्या वाढवत होते. एकदा तिची उशी उन्हात टाकायला उचलली तर खाली गोळ्यांच्या अर्ध्या पट्ट्या. ती एक दिवसाआड घेत होती. मी रडायलाच लागले. ती म्हणाली, "एक दिस गोळी नाय खाल्लंय तर काय मरणंय नाय मी. महिनो पुरवूक नको?" माझा पगार आहे, भावाचा आहे. आम्ही कधीच नाही म्हटलं नव्हतं. पण बाबांच्या पैशातून जेवढं येतं तेवढ्यात आपलं भागवायचं, हे तिच्या डोक्यात पक्कं बसलेलं.

खाडीकाठ काका, बिल धरून हिशोब करताय, पण काकी गोळ्या वेळेवर घेतात ना, तेवढं एकदा बघा. रागवू नका लिहिल्याबद्दल.

गुरुजी_दापोली

सुरंगी, बरं केलंस लिहिलंस.

चाकरमानी_डोंबिवली

ताई, तुमचा प्रतिसाद वाचून आईला फोन केला. ती म्हणते वेळेवर घेते. गणपतीला गेलो होतो तेव्हा बघायला हवं होतं.

खाडीकाठ (धागाकर्ता)

चार दिवस लिहिलं नाही. सुरंगी, तुझ्यावर राग कसला, तुझे उपकार आहेत.

त्या रात्री तुझा प्रतिसाद वाचला आणि सकाळी सौ. तुळशीला पाणी घालत होती तेव्हा औषधांचा डबा उघडला. तिच्या शुगरची गोळी दोन वेळा घ्यायची आहे. १ तारखेला आणलेल्या पट्ट्यांतून १४ तारखेपर्यंत सव्वीस गोळ्या जायला हव्या होत्या. गेल्या होत्या तेरा. मागच्या महिन्यातल्या दोन पट्ट्या डाळीच्या बरणीमागे होत्या.

विचारलं. आधी म्हणाली, रात्रीची विसरते. मग गप्प बसली. मग म्हणाली, "हजारच येतात ना औषधाचे. तुमच्या हृदयाच्या गोळ्या चुकवून चालणार नाहीत. माझी गोड खाण्याची सवय, मीच कमी केलं की झालं." बेचाळीस वर्षांच्या संसारात मी तिला पैशाचा हिशोब कधी मागितला नाही. पण पेन्शनच्या पासबुकातला तो हजाराचा आकडा ती दर महिन्याला वाचत होती, आणि त्यात बसवत होती.

शुक्रवारी चिपळूणला दोघं जाऊन आलो. तिची तीन महिन्यांची शुगर ९.१ निघाली. डॉक्टर रागावले नाहीत, शांतपणे बोलले. मेडिकलवाल्यांनी सांगितल्याप्रमाणे मी विचारलं. तिच्या दोन गोळ्या त्याच घटकाच्या स्वस्त कंपनीच्या लिहून दिल्या, एक बदलली. माझ्या हृदयाच्या डॉक्टरांना पुढच्या आठवड्यात दाखवायचं आहे, तोवर दोन्ही चालू. नवीन यादीप्रमाणे दोघांचं मिळून साधारण २,९०० होईल. आणि हे तिने पूर्ण डोस घेतल्यावरचं. मी धाग्यात लिहिलेलं ४,१५० खोटंच होतं म्हणायचं, तिने पुऱ्या घेतल्या असत्या तर ते त्याहून जास्त झालं असतं.

मेडिकलवाला

काका, काकींना माझा नमस्कार सांगा. असं करणाऱ्या बायका मी काउंटरवर रोज बघतो. "ह्यांच्या सगळ्या द्या, माझ्या दहाच द्या" म्हणतात. मी आता विचारतो, "तुमच्या का दहाच?" पूर्वी विचारत नव्हतो.

बावनदी

मग कार्डाचं काय ठरलं?

अजून एक सावधगिरी, लिहायची राहिली होती. ७० च्या वरच्यांना आयुष्मान वय वंदना कार्ड मिळतं, पाच लाखांचं, ऑक्टोबर २०२४ पासून. शिबिरात कोणी काढून देत असेल तर सीजीएचएसवाल्यांनी आधी विचार करावा, कारण दोन्हींतलं एकच निवडायचं असतं. त्यात अॅडमिट झाल्यावरचा खर्च आणि घरी सोडल्यावर पंधरा दिवसांची औषधं येतात. रोजच्या गोळ्या येत नाहीत. ज्यांच्याकडे दुसरं काहीच नाही त्यांच्यासाठी ते फार मोलाचं आहे. तुमच्यासाठी नाही.

खाडीकाठ (धागाकर्ता)

ठरलं. भत्ता सोडतो.

कागदावर हिशोब केला. २,९०० च्या हिशोबाने वर्षाचे ३४,८००. त्यातून भत्त्याचे १२,००० वजा केले तरी २२,८०० खिशातून जातात. पण आकड्यासाठी नाही सोडत. चाकरमानी म्हणतात तसा भत्ता उद्या तीन हजार झाला तर पैशाचं गणित पुष्कळ बदलेल, हे मला कळतं. पण तो आकडा पासबुकात असेल तोवर ती त्यात बसवणार. तीन हजार झाले तर तीन हजारांत बसवेल. गोळ्या मोजून घरी आल्या की त्यांना किंमत चिकटलेली नसेल, आणि मग ती घेईल. मला तिची ओळख आहे.

डोंबिवलीला राहणाऱ्या माझ्या मुलीशी बोललो. केंद्र तिच्या येण्या-जाण्याच्या वाटेवर आहे. तिने जाऊन विचारलं, पत्र दिलं तर तिच्या हाती औषधं देतील. वर्षातून दोनदा आम्ही दोघं जाऊन तज्ज्ञाला दाखवू, तेवढं झेपेल. एरवी गोळ्या तीच आणेल, नाहीतर वाडीतला कोणी ना कोणी मुंबईहून येतच असतो. गणपती, दिवाळी, शिमगा, मे महिना. पूर्वी माझे वडील मुंबईहून येताना गावातल्या म्हाताऱ्यांची औषधं ट्रंकेत घालून आणायचे, तेच आता आमच्यासाठी होणार.

सोमवारी बँकेत भत्ता बंद करण्याचा अर्ज देतो. बंद झाल्याचं पत्र हातात आलं की ते, पीपीओची प्रत आणि कार्ड असं सगळं मुंबईला पाठवायचं आहे. आजन्म वर्गणी भरलेली असल्यामुळे नवीन काही भरावं लागणार नाही, असं कळलं. कार्ड बदलून हातात येईपर्यंतच्या गोळ्या चिपळूणहूनच घेणार, मधे खंड नको.

सायली_ठाणे

काका, पत्र हातात आल्याशिवाय मूळ कागद पाठवू नका, प्रतीच पाठवा. माझ्या सासऱ्यांचा पीपीओ पोस्टात दीड महिना अडकला होता.

सुरंगी

काकींसाठी आठवड्याचा खणांचा डबा घ्या, सकाळ-रात्र वेगळे खण असतात. रविवारी दोघांनी बसून भरायचा. आईकडे आता तोच आहे, रिकामा खण लगेच दिसतो.

मेडिकलवाला

एक अडचण दिसते. तीन महिन्यांच्या गोळ्या मेमध्ये आल्या तर त्या ऑगस्टात संपतील, आणि गणपती कधी ऑगस्टअखेरीस तर कधी सप्टेंबरच्या मध्यावर. भर पावसाचे ते दिवस, घाट कधी बंद पडेल सांगता येत नाही. दोघांची यादी मला व्हॉट्सअॅपवर पाठवून ठेवा. जुलैतच महिन्याभराच्या गोळ्या बाजूला काढून ठेवतो, या वेळी वरच्या फळीवर.